वैमानिकाच्या कानातले शल्य

भ्रमणध्वनी माणसाच्या हातात आला, हातातून खिशात गेला आणि आता तो कानात जाऊन बसला आहे. रस्त्यावर, रेल्वेच्या डब्यात, देवळाच्या पायरीवर, एवढेच काय पण स्मशानाच्या वाटेवरही कानात गोळे घातलेली माणसे पाहण्याची आपल्याला सवय झाली आहे. त्या सवयीने आता आणखी एक उंबरठा ओलांडला आहे. एका इंजिनाच्या, दोन किंवा चार आसनांच्या ज्या लहान विमानांवर नवे वैमानिक घडतात, त्यांच्या कॉकपिटमध्येही स्मार्टफोन पोहोचला आहे, आणि तो केवळ खिशात राहिलेला नाही. वैमानिकाच्या नव्या धाटणीच्या हेडसेटला तो बिनतारी जोडता येतो. ज्या कानात नियंत्रण कक्षाचा आदेश येतो, ज्या कानात शेजारी बसलेल्या प्रशिक्षकाची सूचना येते, त्याच कानात आता गाणे, मित्राचा फोन आणि संदेशाची टिणटिण येऊ शकते. हे इष्ट आहे काय, आणि असल्यास कोणत्या मर्यादेपर्यंत, हा प्रश्न वरवर पाहता मूठभर हौशी वैमानिकांचा वाटेल. आमच्या मते तो तसा नाही.

कोकण-गोमंतकाच्या वाचकाला याचे काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या घरांतच आहे. २०२१ च्या ऑक्टोबरात सिंधुदुर्गातील चिपीचे विमानतळ सुरू झाले. २०२३ च्या जानेवारीत मोपा येथून प्रवासी विमाने उडू लागली. ज्या मुलखातून पूर्वी मुले बोटीवर खलाशी म्हणून जात, त्या मुलखातील मुलेमुली आता वैमानिक होण्याची स्वप्ने पाहतात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या स्वप्नाची किंमत चाळीस-पन्नास लाखांच्या घरात असते. त्यासाठी कुठे कलमांची बाग गहाण पडते, कुठे आईचे दागिने पेढीत जातात. आणि हे शिक्षण घेण्यासाठी ही मुले आपल्या किनाऱ्यापासून दूर, धुळे, बारामती, नागपूर, गोंदिया अशा ठिकाणच्या धावपट्ट्यांवर जातात. यांपैकी गोंदियाचा विचार येथे विशेष करावयाचा आहे.

गोंदियाजवळची बिरसीची धावपट्टी ही दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. आज ती वैमानिक प्रशिक्षणाचे एक मोठे केंद्र आहे. तेथून उडालेले विमान काही मिनिटांत राज्याची सीमा ओलांडून मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यावर येते. हा मुलूख मराठी माणसाला परका नाही. नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचा तो भाग. पुढे १८६७ च्या सुमारास इंग्रजांनी भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे तुकडे जोडून त्याचा वेगळा जिल्हा केला. खाली वैनगंगेचे सपाट खोरे आणि भाताची शेते. वर परसवाडा-बैहरकडे चढत जाणारे सातपुड्याचे पठार, आणि त्याच्याही पलीकडे कान्हाचे अरण्य. परसवाड्यासारख्या गावातला शेतकरी बांधावर उभा राहून डोक्यावरून जाणारी ही लहान विमाने पाहतो. त्या विमानात बसलेल्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला मात्र खाली दिसते ते फसवे दृश्य. सपाटी संपून डोंगर कुठे सुरू झाला हे नकाशावर सोपे असते. धुरकट दुपारी डोळ्यांना तितके सोपे नसते.

या परिसराने दोन दुःखद दिवस पाहिले आहेत. २६ एप्रिल २०१७ रोजी गोंदियाचे एक प्रशिक्षण विमान वैनगंगेच्या पात्रावर ताणलेल्या तारेला धडकून कोसळले. १८ मार्च २०२३ रोजी बिरसीहून उडालेले दुसरे एक विमान बालाघाट जिल्ह्यातील लांजी-किरणापूर भागात, भक्कूटोल्याच्या डोंगरात पडले. दोन्ही वेळा विमानात एक प्रशिक्षक आणि एक विद्यार्थिनी होती. दोन्ही वेळा दोघांचेही प्राण गेले. या दोन अपघातांचा ठपका आम्ही भ्रमणध्वनीवर ठेवीत नाही. तसे करणे गेलेल्यांवर अन्याय करणारे होईल. आमचे म्हणणे वेगळे आहे. जमिनीलगत उडणाऱ्या लहान विमानाच्या वैमानिकाजवळ चुकीसाठी शिल्लक असलेला वेळ किती थोडा असतो, हे या दोन घटना सांगतात. नदीवरची बारीक तार दोन सावध डोळ्यांनाही उशिराच दिसते. मग ते डोळे क्षणभर मांडीवरच्या काचेच्या पाटीकडे वळले असतील आणि कान दुसऱ्याच कोणाच्या बोलण्यात गुंतले असतील, तर काय होईल, याची कल्पना करण्यास विमानविद्येचे ज्ञान लागत नाही.

तथापि या प्रश्नाला दुसरी बाजू आहे आणि ती आम्ही नाकारीत नाही. नवे ते सारे वाईट, अशी भूमिका घेणे सोपे असते. पण ती खरी नसते. स्मार्टफोनमध्ये उपग्रहाच्या आधाराने चालणारा नकाशा असतो. विमान नेमके कोठे आहे, पुढे निषिद्ध आकाशक्षेत्र किती अंतरावर आहे, जवळची धावपट्टी कोणत्या दिशेला आहे, हे तो क्षणात दाखवितो. नकाशा आधीच उतरवून ठेवलेला असेल तर त्याला मोबाईलच्या मनोऱ्याचीही गरज पडत नाही. इंग्लंड-अमेरिकेत असंख्य खासगी वैमानिक असे नकाशे वापरतात. हेडसेटला जोडलेला फोन पुढील धोक्याची सूचना कानात देऊ शकतो, म्हणजे डोळे बाहेर ठेवता येतात. मोठ्या कंपन्यांच्या विमानांतही कागदी नकाशांच्या जाडजूड पिशव्यांची जागा आता मान्यताप्राप्त टॅब्लेटने घेतली आहे.

संकटात तर हाच फोन तारणहार ठरू शकतो. आयर्लंडमध्ये २००७ साली केरीहून जर्सीकडे निघालेल्या एका लहान विमानाची सारी वीजयंत्रणा बंद पडली. रेडिओ मुका झाला. वैमानिकाने मोबाईलवरून संपर्क साधला. बोलणे तुटू लागले, तेव्हा कॉर्क येथील नियंत्रकाने लिखित संदेश पाठवून त्याला वाट दाखविली आणि विमान सुखरूप उतरले. हेडसेटमधून फोन ऐकता आला तर इंजिनाच्या गोंगाटातही असे संभाषण शक्य होते. तेव्हा कॉकपिटमध्ये फोन नकोच, असे म्हणणाऱ्यांनी त्या विमानातील माणसांचा विचार करावा.

पण साधनाची मर्यादा ओळखल्यावाचून त्याचा उपयोग कळला असे होत नाही. फोन हा विमानाचा भाग म्हणून घडविलेला नाही. ॲपल कंपनीने आपले आयफोन ० ते ३५ अंश सेल्सियस तापमानात वापरावेत असे स्वतःच सांगितले आहे, आणि विदर्भातला मे महिना पंचेचाळीस अंशांना भिडतो. काचेच्या घुमटाखाली उन्हात ठेवलेला फोन तापून आपणहून बंद पडतो, तो नेमका हवा असेल तेव्हा. फोनमधील लोहचुंबक होकायंत्राजवळ आला की होकायंत्राची दिशा चळते. जमिनीवरील माणसांसाठी उभारलेले मोबाईलचे मनोरे आकाशातल्या फोनला नीट साथ देतीलच असे नाही. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, की फोनवरचा नकाशा विमानतळ दाखवील, आकाशक्षेत्र दाखवील. पण वैनगंगेवर ताणलेली एखादी तार तो दाखवीलच याची हमी कोणी देत नाही. ती वैमानिकाच्या डोळ्यांनाच शोधावी लागते. आपल्याकडचा जाणता तांडेल आज जीपीएस वापरतो, मोबाईलवर वाऱ्याचा अंदाज पाहतो. पण बंदराच्या मुखाशी खडकांतून होडी आत घेताना तो यंत्राकडे पाहत नाही, पाण्याकडे पाहतो आणि इंजिनाचा आवाज ऐकतो. हा विवेक त्याला कोणत्याही परिपत्रकाने शिकविलेला नाही.

आता कानाकडे वळू, कारण खरी गोम तेथेच आहे. लहान विमानाच्या कॉकपिटमधला आवाज नव्वद डेसिबलच्या वर सहज जातो. म्हणून वैमानिक जाड गाद्यांचा हेडसेट घालतो. बाहेरचा गोंगाट विजेच्या साहाय्याने पुसून टाकणारा जो हेडसेट आज सर्वत्र दिसतो, त्याची कल्पना अमर बोस यांना १९७८ साली एका विमानप्रवासात सुचली आणि १९८९ साली तो वैमानिकांसाठी बाजारात आला. अमर बोस हे बंगालमधून इंग्रजांचा ससेमिरा चुकवून १९२० साली अमेरिकेस गेलेल्या क्रांतिकारक नोनी गोपाल बोस यांचे पुत्र. या शोधाचा हेतू वैमानिकाच्या कानाला शांतता देणे हा होता, आणि ती शांतता कशासाठी, तर आवश्यक तेवढा आवाज स्पष्ट ऐकू यावा म्हणून. त्या मोकळ्या केलेल्या जागेत आपण आता नवा गोंगाट भरीत आहोत.

यावर असे सांगितले जाते की, रेडिओवर बोलणे आले की नवे हेडसेट गाण्याचा आवाज आपोआप खाली आणतात. हे खरे आहे. परंतु यंत्र आवाज खाली आणू शकते. गुंतलेले मन परत आणू शकत नाही. शिवाय वैमानिकाला ऐकावयाचे सारेच काही रेडिओवरून येत नाही. सेसना १५२ सारख्या विमानात वेग फार कमी होऊन पंखांखालचा हवेचा आधार सुटू लागला की एक भोंगा वाजतो. तो विजेवर चालत नाही. पंखाच्या कडेच्या छिद्रातून ओढल्या जाणाऱ्या हवेने पिपाणीसारखा वाजतो. हेडसेटच्या तारेशी त्याचा संबंध नाही. तो कॉकपिटमध्ये वाजतो आणि उघड्या हवेतून कानापर्यंत पोहोचतो. इंजिनाच्या सुरात पडलेला फरकही असाच हवेतून कळतो. गाद्यांनी झाकलेल्या आणि गाण्याने भरलेल्या कानाला ही पिपाणी कितपत ऐकू येणार? उंचावर ती ऐकू आली नाही तर सावरण्यास वाव असतो. पाचशे फुटांवर नसतो.

महाभारतातील कर्णपर्व आपल्याकडे घरोघरी वाचले गेले आहे. अर्जुनाच्या रथावर श्रीकृष्ण होता. त्याचा एक शब्द अर्जुनाचे चित्त स्थिर करी. कर्णाच्या रथावर शल्य होता. घोडे हाकण्यात तो कोणाला हार जाणारा नव्हता; पण ऐन युद्धात त्याचे बोलणे कर्णाच्या मनाचा वेध ढळवीत राहिले. दोन्ही रथांवर सारथी होते आणि दोन्ही सारथी कुशल होते. फरक होता तो कानावर पडणाऱ्या शब्दांचा. कॉकपिटमधला फोन कृष्ण होऊ शकतो आणि शल्यही होऊ शकतो. तो काय व्हावा हे त्या साधनाने ठरवायचे नसते. वैमानिकाने आणि त्याला घडविणाऱ्या संस्थेने ठरवायचे असते.

हे केवळ पौराणिक दाखल्यावर सोडावयाचे नाही. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात ३१ मे २०१४ रोजी रात्री एक सेसना १५० विमान कोसळून त्यातील दोघेही ठार झाले. अवशेषांत एक लहान कॅमेरा सापडला. त्यात अपघाताचे उड्डाण नव्हते, पण आधीच्या उड्डाणांत वैमानिक आणि सोबतचे प्रवासी फोनने स्वतःची छायाचित्रे काढीत असल्याचे दिसले. काळोखात फोनचा झगझगीत प्रकाशही पडत होता. कमी उंचीवर विमान वळविताना फोनमुळे लक्ष विचलित झाले असावे आणि त्यातून दिशाभ्रम होऊन विमान हातातून सुटले असावे, असा निष्कर्ष तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने काढला.

फोन नव्हता तेव्हाही विचलित चित्ताने बळी घेतले आहेत. २९ डिसेंबर १९७२ रोजी ईस्टर्न एअरलाइन्सचे एक जंबो विमान फ्लोरिडातील दलदलीत उतरले ते चाकाचा एक लहानसा दिवा लागत नाही म्हणून. सारे वैमानिक त्या दिव्यात गुंतले होते. विमान हळूहळू खाली जात होते. उंची ढळल्याचा इशाराही वाजला, पण तो कोणाच्या ध्यानी आला नाही. १०१ माणसे मेली. १९७४ साली त्याच कंपनीचे दुसरे विमान शार्लट येथे धुक्यात उतरताना पडले आणि सत्तरांहून अधिक माणसे गेली. त्या वेळी वैमानिकांच्या इतर विषयांवर गप्पा चालल्या होत्या. या अनुभवातून १९८१ साली अमेरिकेत नियम झाला, की दहा हजार फुटांखाली कॉकपिटमध्ये उड्डाणाव्यतिरिक्त अवाक्षर बोलावयाचे नाही. २००९ साली मिनियापोलिसला जाणाऱ्या विमानाचे दोन वैमानिक आपापल्या लॅपटॉपमध्ये इतके रंगले की तासाभराहून अधिक काळ रेडिओला उत्तर दिले गेले नाही आणि ते गावच मागे पडले. त्यानंतर २०१४ साली कंपन्यांच्या वैमानिकांना उड्डाणात खासगी कामासाठी फोन-लॅपटॉप वापरण्यास तेथे बंदी झाली. मात्र ही बंदी मोठ्या विमान कंपन्यांपुरतीच राहिली. लहान विमाने तिच्या बाहेर राहिली. मोठ्या विमानात दोन अनुभवी वैमानिक असतात, सावध करणारी अनेक यंत्रे असतात. लहान विमानात बहुधा एकच शिकाऊ मूल असते. ज्याला नियमाची गरज अधिक, त्याच्यापर्यंत नियम पोहोचू नये, हा उलटा न्याय झाला.

आपल्याकडे १९३७ च्या विमान नियमांत पुढे २९-ब हे कलम घालून उड्डाणात इलेक्ट्रॉनिक साधने चालविण्यास मनाई करण्यात आली. २०१४ साली महासंचालनालयाने फ्लाइट मोडमध्ये ती वापरण्याची मुभा प्रवाशांना दिली. या साऱ्या विचारात डोळ्यांपुढे होता तो प्रवासी, आणि चिंता होती ती विमानाच्या यंत्रांत येणाऱ्या अडथळ्याची. फ्लाइट मोडमुळे यंत्रातील अडथळा टळतो. परंतु फ्लाइट मोडमध्येही गाणे वाजते, छायाचित्र निघते आणि चित्रफीत तयार होते. शिकाऊ वैमानिकाच्या मनातील अडथळा त्याने टळत नाही. मोटार चालविणाऱ्याबाबत आपल्या सरकारने २०२० च्या ऑक्टोबरपासून स्पष्ट शब्दांत सांगितले, की हातातले साधन केवळ मार्ग पाहण्यासाठी वापरावे आणि तेही चालकाची एकाग्रता भंगणार नाही अशा रीतीने. आंबोलीच्या घाटात एसटी चालविणाऱ्याच्या कानात गोळा दिसला तर आपण प्रवासी ओरड करतो. बिरसीच्या आकाशातल्या मुलासाठी ओरड करणारा प्रवासी मागे बसलेला नसतो.

म्हणून आमच्या काही सूचना आहेत. प्रशिक्षणाच्या काळात विद्यार्थ्याचा फोन हेडसेटला जोडला जाऊ नये. गाणे, संदेश, खासगी बोलणे यांना उड्डाणात पूर्ण मज्जाव असावा, आणि हा नियम प्रशिक्षकालाही तितकाच लागू असावा. प्रशिक्षक स्वतः फोन हाताळीत असेल तर विद्यार्थी पाठ घेतो तो त्या फोनचाच. नकाशासाठी साधन वापरावयाचे तर ते संस्थेने मान्य केलेले, जागेवर घट्ट बसविलेले आणि उड्डाणापूर्वीच तयार केलेले असावे. हवेत त्यावर बोटे फिरविण्याची वेळ येऊ नये. फोन बंद करून हाताशी ठेवावा आणि रेडिओ निकामी झाल्यास त्याचा उपयोग कसा करावा हे शिकविले जावे. त्यासाठी नियंत्रण कक्षाचा दूरध्वनी क्रमांक प्रत्येक प्रशिक्षण विमानात ठळक लिहिलेला असावा. चित्रण हवेच असेल तर संस्थेचा पक्का बसविलेला कॅमेरा असावा आणि ते चित्रण जमिनीवर बसून चुका दाखविण्यासाठी वापरावे. प्रशिक्षण संस्थांची तपासणी करताना विमाने आणि वह्या यांच्याबरोबर या शिस्तीचीही नोंद महासंचालनालयाने घ्यावी. आणि प्रशिक्षण क्षेत्रातील नद्यांवर ज्या तारा ताणलेल्या आहेत, त्यांवर दुरून दिसणारे रंगीत गोळे बसविण्यास कोणत्याही नव्या संशोधनाची गरज नाही.

एवढे करूनही एक गोष्ट नियमांच्या पलीकडे उरते. व्यावसायिक परवान्यासाठी विद्यार्थ्याला किमान २०० तासांचे उड्डाण करावे लागते आणि त्यांपैकी किमान १०० तास विमानाची सूत्रे त्याच्याच हाती असावी लागतात. त्या तासांत तपासणी करणारा कोणी वर येत नाही. आज ज्या वयात ही मुले विमान हाती घेतात, त्या वयात आपण उडालो हे उडण्याइतकेच ते जगाला दाखविणे महत्त्वाचे वाटते. त्यांना दोष देऊन भागणार नाही. तो मोह त्यांना आपणच लावला आहे. मुलाने पाठविलेली कॉकपिटमधली चित्रफीत नातेवाइकांत कौतुकाने फिरविणारे आईबाप कोण असतात? ती कोणी काढली आणि त्या वेळी विमानावर कोणाचे लक्ष होते, हा प्रश्न त्यांच्यापैकी कितीजण विचारतात?

कर्ज काढून, बाग गहाण ठेवून मुलाला आकाशात पाठविणाऱ्या आईबापांना हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. प्रवेशाच्या दिवशी वसतिगृहाची खोली आणि जेवणाची सोय पाहताना त्यांनी संस्थाचालकांना एवढेही विचारावे, की उड्डाणात मुलाचा फोन कोठे असतो आणि त्याविषयी तुमचा लेखी नियम काय आहे. उत्तर देताना संस्था अडखळली, तर पैसे भरण्यापूर्वी दोनदा विचार करावा. पुढे मुलगी घरी फोन करील, तो उतरल्यावर करू दे. परसवाड्याच्या पठारावरून ती जात असेल तेव्हा तिच्या कानात नियंत्रकाचा आवाज असावा, प्रशिक्षकाचा असावा आणि इंजिनाचा असावा. आपला आवाज ऐकण्यास तिला सारे आयुष्य आहे. ते तिला लाभावे एवढ्यासाठीच हा आग्रह.